मिस्त्रीकाकांना विचारा : बॉडी बदलली, तरी गाडी तीच का?

प्रश्न : मिस्त्रीकाका, रामराम. वडिलांनी लिलावात घेतलेली जुनी जीप आमच्या घरी आहे. पत्रा पार सडला होता, म्हणून मागच्या उन्हाळ्यात तिची बॉडी नव्यानं बांधून घेतली. चेसिस म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स सगळं जुनंच. आता मावसभाऊ येता-जाता म्हणतो, ‘हे काही तुह्या बापाची जीप राह्यली नाही.’ त्यात नागपूरला शिकणाऱ्या नातवानं मोबाइलवर एका लाल फेरारीचा फोटो दाखवला. मागून पाववाल्याच्या गाडीसारखी दिसते. तिचीही बॉडी बदललेली आहे म्हणे, तरी जग तिला फेरारीच म्हणते. मग आमच्या जीपनं काय पाप केलं? आणि लहान्या नातीचा एक प्रश्न : फेरारीवरचा घोडा कोणाचा?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : रामराम भाऊ. पाववाल्याची गाडी हे तुम्ही बरोबर ओळखलं. इंग्रज पत्रकारांनीही तिला ‘ब्रेडव्हॅन’ हेच नाव ठेवलं होतं.

ती मुळात १९६१ ची फेरारी २५० जीटी, आखूड चेसिसवाली. चेसिस नंबर २८१९. तीन लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन. त्याच वर्षी फ्रान्सभर फिरणाऱ्या मोटार शर्यतीत ती दुसरी आली. पुढे ती व्हेनिसच्या काउंट व्होल्पी नावाच्या तरुण सरदारानं घेतली. त्याची स्वतःची शर्यतीची टीम होती. इथून भांडण सुरू होतं. १९६१ च्या शेवटी मालक एन्झो फेरारीशी बिनसून त्याची मोठी मोठी माणसं एकदम बाहेर पडली. त्यांत जिओत्तो बिझारिनी हा इंजिनिअर होता. फेरारीच्या नव्या २५० जीटीओ गाडीवर त्याचाच हात फिरलेला. या फुटलेल्या मंडळींच्या नव्या कंपनीत व्होल्पीनं पैसा घातला. एन्झोला ते झोंबलं आणि त्यानं व्होल्पीला जीटीओ द्यायचं नाकारलं. एका विहिरीवरच्या दोन भाऊबंदांत असतो ना, तसला राग.

मग व्होल्पीनं दारात उभी असलेली जुनी गाडीच बिझारिनीच्या हवाली केली. त्यानं इंजिन मागे सरकवलं, खाली बसवलं, नाक जमिनीला टेकेल इतकं उतरवलं. बॉडी मोदेना गावात पिएरो ड्रोगोच्या कारखान्यात ठोकली. छप्पर मात्र फार उतरतं न ठेवता जवळजवळ सरळ मागेपर्यंत नेलं आणि कुऱ्हाडीनं तोडावं तसं कापून टाकलं. का? पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे भोवरा पाहिला असेल. धावत्या गाडीमागे हवेचा तसाच भोवरा होतो आणि तो गाडीला मागे ओढतो. माशासारखी लांब निमुळती शेपूट असली तर भोवरा कमी, पण वजन वाढतं. ‘काम’ आडनावाच्या जर्मन प्राध्यापकानं दाखवून दिलं होतं, की शेपटीचा उतार सुरुवातीला बरोबर ठेवला तर उरलेली शेपूट कापून टाकली तरी फायदा बराचसा हाती राहतो.

जून १९६२ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी उतरली आणि नव्या जीटीओंच्या पुढे पळत होती. चौथ्या तासाला चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट तुटला, गाडी बाहेर. म्हणजे दगा दिला तो शाफ्टनं, बॉडीनं नाही. चाळीस वर्षं बॉडीच्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता तुमच्या मुद्द्याकडे. आपल्याकडे ट्रकची नुसती चेसिस येते. ड्रायव्हर तोंडाला दुपट्टा बांधून, फळ्या ठोकलेल्या सीटवर बसून ती शेकडो किलोमीटर हाणत आणतो. मग आमच्यासारखे लोक तिच्यावर बॉडी चढवतात. माझ्या उस्तादाला आलापल्लीच्या सागाशिवाय दुसरं लाकूड चालायचं नाही. त्या काळी इटलीतही तेच होतं. फेरारी इंजिन आणि चेसिस करायची. कपडे शिवणारे वेगळे. ब्रेडव्हॅनचा पहिला पत्रा स्कालिएत्तीनं चढवला होता. तो फेरारीच्या शेजारी गाड्यांची ठोकाठोकी करता करता मोठा झाला. पत्रा रेतीच्या थैलीवर ठेवून ठोकायचा आणि नजरेनं वळण जुळवायचं, हे आम्हीही केलंय. शर्यतीत गाडी ठोकली गेली किंवा रूप जुनं झालं, की त्याच चेसिसवर दुसरी बॉडी. त्यात कुणाला लाज नव्हती.

अहो, एन्झोची स्वतःची पहिली गाडीच अशी जोडून केलेली. अल्फा रोमिओ ही मोटार कंपनी सोडताना चार वर्षं शर्यतीत स्वतःचं नाव वापरायचं नाही, अशी अट त्याच्यावर होती. म्हणून १९४० च्या त्या गाडीचं नाव नुसतं ‘८१५’. आठ सिलिंडर, दीड लिटर. खालचं बरंच सामान फियाट ११०० चं, वरची बॉडी मिलानच्या टुरिंग कंपनीची. त्याच ११०० च्या वंशातली गाडी पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी झाली. माझ्या गॅरेजमध्ये अशा किती पद्मिनी येऊन गेल्या. त्यांच्याखाली लोळताना हे ठाऊक असतं, तर जरा अदबीनं पाना फिरवला असता.

मावसभावाला विचारा : बैलबंडीची वरची साटी मोडली आणि सुताराकडून नवी करून घेतली, तर आस, चाकं तीच असलेली बंडी परक्याची होते का? गाडीचा वंश चेसिसवरच्या नंबरात असतो. आरटीओवाला त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो, ती छाप बॉनेटची नसते.

पण एक गोष्ट चिडून सांगतो. एकदा एका गिऱ्हाइकानं माझ्याकडे जीप आणली. नंबराचा तुकडा जुन्या चेसिसचा कापून भलत्याच चेसिसवर वेल्डिंग केलेला, वर घासून रंग मारलेला. मी ते काम परत पाठवलं. जगात महागड्या गाड्यांबाबतही हेच होतं, फक्त रंग भारी असतो. ब्रेडव्हॅननं आपली दुसरी बॉडी कधी लपवली नाही, म्हणून ती आज तिच्याच नावानं ओळखली जाते. तुम्हीही लपवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलाचे नियम आहेत. आरसी बुक घेऊन आरटीओत एकदा विचारून या. जुनं बॉनेट भंगारात गेलं नसेल तर गोठ्यात टांगून ठेवा. बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव आणि साल एका पत्र्यावर कोरून सीटखाली ठोका. आमच्या लोकांची नावं कुठेच राहत नाहीत.

नातीला सांगा, घोडा फ्रान्चेस्को बाराक्का या पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकाचा. त्याच्या विमानावर तो रंगवलेला होता. तो युद्धात गेल्यावर, १९२३ साली त्याच्या आईनं एन्झोला सांगितलं, की हा तुझ्या गाडीवर लाव. मागचा पिवळा रंग मोदेनाचा. आणि त्याच युद्धात एन्झो स्वतः काय करत होता? फौजेत खेचरांना नाल ठोकत होता.