सोलापुरात वडिलांच्या डायलिसिससाठी फिस्टुला करायचा आहे. तो नेफ्रॉलॉजिस्टच करतात का?

बहुतेक वेळा नाही. डायलिसिस कधी आणि किती, हे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, ठरवतात. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडणं; ते काम सहसा व्हॅस्क्युलर सर्जनचं (रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं). सर्जरीत एम.एस. झाल्यावर आणखी तीन वर्षं एम.सीएच. किंवा डीआरएनबी करून ते या कामात येतात. युरोलॉजी, प्लास्टिक सर्जरीवालेही फिस्टुला करतात, आणि चांगले करतात. म्हणून पाटीवरच्या डिग्रीपेक्षा सरळ विचारा: महिन्याला किती फिस्टुला करता? पुढे अरुंद झाला तर फुगा घालून उघडायची सोय इथेच आहे की पुण्याला जावं लागेल? हा दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात.

आणि थांबू नका. शीर सुया टोचण्याइतकी तयार व्हायला 6 ते 8 आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर मानेतल्या कॅथेटरवर (नळीवर) दिवस काढायचे म्हणजे जंतुसंसर्गाची टांगती तलवार. फिस्टुलाच्या हाताला (बहुधा डावा) आतापासूनच रक्त काढायला किंवा सलाईनला सुई लावू देऊ नका. नंतर बीपीसुद्धा त्या हातावर नको. ऑपरेशननंतर रोज बोटं ठेवून थरथर बघा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालू असताना भिंतीला हात लावल्यावर जाणवते ना, तशी. ती थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.