वाचकांचे प्रश्न : पक्ष्याचा दिवस, पंखांशिवाय

प्रश्न : आमचा नऊ जणांचा प्रायोगिक गट मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीच्या दिनचिन्हांवर आत्मशोधाचं नाट्य बसवतोय. माझी जन्मतारीख 21 डिसेंबर 1992. दोन अ‍ॅप दोन वेगळी चिन्हं दाखवतात. शिवाय तालमीत सगळे नुसत्या प्राण्यांच्या नकला करतात.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ग्वाटेमालातले किचे हे माया लोक 20 दिननावं आणि 1 ते 13 आकडे आजही सलग मोजतात, 260 दिवसांनी फेरा पुरा होतो. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो, पण वार कधी गळत नाही. ही गणना वारासारखी आहे. अमेरिकी लेखक होसे आर्ग्वेलेस यांची 'ड्रीमस्पेल' ही नवी पद्धत 29 फेब्रुवारी मोजतच नाही, त्यामुळे दर लीप वर्षी ती आणखी एक दिवस घसरते. परंपरेचं नाव लावणार असाल तर किचे गणनाच धरा.

हाताने पडताळा. 21 डिसेंबर 2012 ला '4 आहपू' (आकडा 4, दिननाव आहपू) होता. तुमचा जन्म त्याआधी 7305 दिवस. (मधले 5 लीप दिवस धरूनच, चूक बहुधा इथेच होते.) 20 ने भागून बाकी 5, म्हणून आहपूपासून पाच नावं मागे : कावोक, तिहाश, नोह, आहमाक, त्सिकिन. आकड्यासाठी 13 ने भागून बाकी 12. 4 मधून 12 वजा, अधिक 13, उरले 5. तुमचा दिवस '5 त्सिकिन', पक्षी.

पण त्सिकिन म्हणजे पंख फडफडवणं नव्हे. किचे रीतीत हा मागणं मागायचा दिवस. नटाला विचारा, 'काय मागतोस? कुणाकडे?' तिहाश हे काचदगडाचं पातं. तिथे 'काय कापून टाकायचंय?' आदिबंध (चिन्हामागची मूळ प्रतिमा) असा क्रियापदात आणला की अंग कामाला लागतं. आकडा म्हणजे जोर : लहान हलके, मोठे तीव्र. 5 ला आवाज चढवू नका.

एका चिन्हाला 40 मिनिटं द्या. 10 मिनिटं नुसतं चालणं, 15 मिनिटं एकच क्रिया, मुक्याने. मग 10 मिनिटं शब्द; ते आधी आले तर नट स्वतःवर भाषण देऊ लागतो. शेवटची 5 मिनिटं भूमिकेतून उतरायला : मुखवटा पालथा ठेवायचा, तोंड धुवायचं, स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं. हे कधीही गाळू नका. कुणी रडू लागलं तर तालीम तिथेच थांबवा.

रचना अडली तर 'राबिनाल आची' या माया नृत्यनाट्याकडे पाहा. त्यात बंदी झालेला योद्धा मरणाआधी आपल्या डोंगरदऱ्यांचा निरोप घ्यायला 13 वेळा 20 दिवस आणि तितक्याच रात्री मागतो. तुमच्या नऊ जणांनाही प्रत्येकी एक मागणं आणि एक निरोप द्या.