गुडघे बदलण्यासाठी ठेव मोडण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत

प्रश्न : सोलापुरात माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. पत्नीचे वय ५३ असून चार वर्षांपासून तिचे गुडघे दुखतात. सकाळी हाताची बोटेही इतकी आखडलेली असतात की नऊ वाजेपर्यंत तिला भाकरी थापता येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले आहे. खर्च ४,२०,००० रुपये असून आठ दिवसांत आगाऊ रक्कम भरल्यास सवलत मिळेल. आरोग्य विमा आहे, पण त्यात गुडघ्याचे ऑपरेशन बसत नाही असे एजंट म्हणतो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ५ लाखांची मुदत ठेव मोडावी का? पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे तर आठ-दहा हजार रुपये जातील आणि इथल्या डॉक्टरांनाही वाईट वाटेल. हा खर्च वायफळ ठरेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. हा खर्च वायफळ नाही. आज आपल्यासमोर असलेल्या सर्व खर्चांपैकी हाच सर्वांत आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या ठेवीच्या तीन वर्षांपैकी ३१ महिने झाले आहेत आणि व्याजदर ७ टक्के आहे. ती आज मोडली आणि बँकेने दंड म्हणून एक टक्का कापला, तर आतापर्यंतच्या व्याजातूनच सुमारे १५,००० रुपये कमी होतील. म्हणजे नुसती ठेव मोडण्यात जे जाईल, ते पुण्याच्या फेरीपेक्षा जास्त आहे.

पैशाच्या हिशेबाइतकीच मला आपल्या पत्रातली बोटांची गोष्ट महत्त्वाची वाटते. मी वैद्य नाही आणि निदान करणे माझे काम नाही. परंतु झिजेमुळे दुखणाऱ्या गुडघ्यांचा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. हाताच्या लहान सांध्यांत तासाहून अधिक काळ टिकणारा ताठरपणा आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा असू शकतो. तो निघालाच, तर गुडघा बदलल्याने मूळ आजार थांबत नाही. त्यासाठी नियमित औषधे आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. तेव्हा खर्चाचे स्वरूपच बदलेल : एकरकमी चार लाखांऐवजी वर्षानुवर्षे दरमहा काही रक्कम बाजूला काढावी लागेल, आणि गुडघे खरोखर झिजले असतील तर ऑपरेशनही त्याच औषधोपचाराच्या जोडीने ठरवावे लागेल. म्हणून दुसरे मत दुसऱ्या शल्यचिकित्सकाचेच हवे असे नाही. आपल्या बाबतीत आधी संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना, दाखवणे मला अधिक योग्य वाटते. बोटांबद्दल इथल्या डॉक्टरांना सांगितले होते का, हेही आठवून पाहा; गुडघ्यांसाठी गेलेला माणूस बहुधा गुडघ्यांबद्दलच बोलतो.

हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च वाचेल. जाताना उभ्याने काढलेल्या एक्स-रेच्या मूळ फिल्म, रक्ताचे जुने-नवे अहवाल आणि आजवर घेतलेल्या औषधांची यादी, वेदनाशामक गोळ्यांसह, जवळ ठेवा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क समाविष्ट आहे. ‘एवढा मोठा खर्च आहे, घरच्यांच्या समाधानासाठी एकदा दाखवून घेतो’ असे सरळ सांगावे. समजूतदार डॉक्टरांना याचे वाईट वाटत नाही. पुण्याला जाणे जमतच नसेल, तर सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नाममात्र खर्चात कागदपत्रे दाखवता येतील.

दुसरे मत देणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारा, कारण आपले पुढचे सगळे आर्थिक गणित त्याच्या उत्तरावर उभे आहे : सहा महिने थांबल्यास काय बिघडेल?

याचे कारण आपल्या विम्यात आहे. पॉलिसीला सहा महिन्यांनी तीन वर्षे पूर्ण होतील. सांधेबदलासाठी बहुतेक पॉलिसींमध्ये दोन ते तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्या उपचाराचा दावा करता येत नाही असा काळ, असतो, आणि विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ कमाल ३६ महिन्यांवर आणला आहे. तेव्हा ‘बसत नाही’ याचा अर्थ ‘आज बसत नाही’ एवढाच असण्याची शक्यता बरीच आहे. एजंटच्या शब्दावर न जाता पॉलिसीचे कागद स्वतः वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मात्र दुखणे चार वर्षांचे आहे, म्हणजे पॉलिसीच्या आधीचे. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जात ते नोंदवले होते का, हे अर्जाची प्रत काढून आजच तपासा. नोंदवले नसेल, तर कंपनीला लेखी कळवा. त्यामुळे प्रतीक्षाकाळ वाढू शकतो किंवा हप्ता वाढू शकतो, पण दुखणे अलीकडचे आहे असे केसपेपरवर लिहून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपा करून मानू नका; दाव्याच्या वेळी जुन्या चिठ्ठ्या बाहेर येतात आणि ऐन दवाखान्यात दावा नाकारला जातो.

सवलतीच्या मुदतीने घाबरून जाऊ नये. झिजेसाठी केले जाणारे गुडघेबदल हे योजून करायचे ऑपरेशन असते, आणि आठ दिवसांची मुदत आजाराने घातलेली नाही. दरम्यान अंदाजपत्रक तपशीलवार मागून घ्या. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून केंद्राची कमाल मर्यादा आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती तेव्हा जीएसटी वगळता ५४,७२० रुपये ठरली होती. आपल्या अंदाजपत्रकात इम्प्लांटचे, म्हणजे या कृत्रिम गुडघ्याचे, नाव आणि किंमत वेगळी दाखवलेली नसेल, तर ती विचारणे हा आपला अधिकार आहे. फिजिओथेरपीचा खर्च त्यात धरला आहे का, हेही विचारा. रेशन कार्ड असेल तर राज्य शासनाच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. हे ऑपरेशन त्यात कुठे आणि कोणत्या अटींवर होते, ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्राला (रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीला) विचारावे.

दुसरे डॉक्टरही ‘आत्ताच करा’ म्हणाले, तर ऑपरेशन लांबवू नका. पत्नीने सहा महिने वेदना सोसून विम्याचे पैसे वाचवावेत, असा सल्ला मी देणार नाही. त्या वेळीही ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा दीड टक्का जास्त व्याज धरले, तर ठेव पिकेपर्यंतच्या पाच महिन्यांत निव्वळ तोटा अडीच-तीन हजारांचा होईल. ठेव पिकल्यावर कर्ज फेडा आणि मुलीच्या पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज आत्तापासूनच करून ठेवा, म्हणजे प्रवेशाच्या वेळी ओढाताण होणार नाही. दोघांची मते अगदी विरुद्ध निघाली तरच तिसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि ज्या मुद्द्यावर मतभेद आहे तेवढाच त्यांना विचारा. या साऱ्या भेटींसाठी १२,००० रुपयांची कमाल मर्यादा ठरवून ती रक्कम बचत खात्यात वेगळी काढा, आणि तोपर्यंत कुठेही आगाऊ रक्कम भरू नका.