उद्यानाशेजारी घर घ्यावे का?

प्रश्न : अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे मनोरंजन उद्यान आम्हा पतिपत्नींना अतिशय प्रिय आहे. निवृत्तीनंतर त्याच्याजवळ राहायला जावे का?

उत्तर : तुमची ओढ मला मनापासून समजते. हे उद्यान १९७१ मध्ये सुरू झाले आणि डिस्ने कंपनीनेच शेजारी वसवलेल्या सेलिब्रेशन या गावात १९९६ पासून लोक राहू लागले, तेव्हा अशी इच्छा मुळीच वेडेपणाची नाही. मात्र १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, घराच्या विम्याचा खर्च आणि पर्यटकांमुळे होणारी वाहतूककोंडी या गोष्टी सुट्टीत जाणवत नाहीत, त्या वास्तव्यात जाणवतात. म्हणून घर विकत घेण्याआधी जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात तेथे भाड्याने राहा आणि उद्यानात न जाताही तुमचे दिवस आनंदात जातात का, हे पाहा.