शिरस्त्राण घातलेली गाडी: आधी खेळणं, मग खरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत राहून आलेल्या काकांच्या ट्रंकेत 'रेड बॅरन' नावाच्या, सुटे भाग जोडून छोटी गाडी बनवायच्या प्लास्टिक किटचा जुना खोका सापडलाय. खोक्यावरच्या लाल गाडीला टपाच्या जागी जर्मन सैनिकाचं शिरस्त्राण आहे. अशी गाडी खरोखर होती का, आणि असल्या वेड्या गाड्या डिझाईन कोण करायचं?

होती. पण ती गाडी या खोक्यातल्या खेळण्यावरून बनवली गेली. लोक नेहमी उलटं धरून चालतात, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये तीस वर्षं प्लास्टिकचे मोल्ड बनवले. बादल्यांचे, मिक्सरच्या झाकणांचे, डॅशबोर्डमागच्या कुठल्याशा क्लिपांचे. काही वर्षांपूर्वी भाच्याने शिकागोहून येताना हेच किट आणलं, जुन्या साच्यातून नव्याने काढलेलं. त्याला वाटलं होतं, मामा निवृत्त झालाय, रंगवत बसेल. मी खोका उघडला आणि आधी भागांची फांदी (सुटे भाग ज्या काडीला चिकटलेले येतात ती) उजेडात धरून पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळतात ती रेघ, कुठून गेलीय ते बघितलं. सवय जात नाही. तेव्हापासून या गाड्यांचं खूळ लागलं ते लागलंच. त्यामुळे उत्तर थोडं मोल्डवाल्याच्या नजरेने येईल, सांभाळून घ्या.

1950 च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या आपल्या नव्या मॉडेलांच्या छोट्या प्लास्टिक प्रतिकृती शोरूमवाल्यांना द्यायच्या. बाप गाडी बघतोय तोवर पोराच्या हातात काहीतरी असावं, एवढाच हेतू. मिशिगनची एएमटी कंपनी अशा प्रतिकृती बनवायची. 1958 मध्ये तिने गाडी जोडून देण्याऐवजी सुटे भाग खोक्यात भरून विकायला काढले, आणि एकाच खोक्यातून तीन प्रकारची गाडी जोडता येईल अशी सोय केली: शोरूममधली, सजवलेली किंवा शर्यतीची. पोरांनी अर्थातच शोरूममधली सोडून बाकीच्या दोन जोडल्या. पोरांना बापाची गाडी नकोय, हे कंपन्यांना तेव्हा कळलं असावं.

मग आला एड रॉथ, 'बिग डॅडी'. लॉस एंजेलिसजवळच्या मेवूडमध्ये त्याचं वर्कशॉप होतं. जत्रांमधून टी-शर्टांवर डोळे बाहेर आलेले राक्षस रंगवून विकायचा आणि त्या पैशांतून गाड्या बनवायचा. त्याची पद्धत ऐकून मी कपाळाला हात लावला होता. ड्रॉइंग जवळजवळ नाहीच. सांगाड्यावर प्लास्टरचा ढीग थापायचा, तासून गाडीचा आकार काढायचा, त्यावर फायबरग्लास चढवायचा आणि मग आतलं प्लास्टर फोडून बाहेर काढायचं. पत्रा ठोकायला जे कसब लागतं ते वगळलं की आकाराला बंधनच उरत नाही. 1961 च्या 'बीटनिक बँडिट'ला स्टिअरिंग नाही, मधोमध एक दांडा आहे, वर पारदर्शक बुडबुड्यासारखं छत. 1963 च्या 'मिस्टेरियन'मध्ये फोर्डची दोन व्ही-एट इंजिनं (आठ सिलिंडर, दोन तिरक्या ओळींत) शेजारी शेजारी बसवलेली. वजन इतकं झालं की चासी तडकायची. ट्रेलरवरून प्रदर्शनाला न्यायची वस्तू ती, पळवायची नव्हेच.

कॅलिफोर्नियाच्या रेव्हेल कंपनीने 1962 पासून रॉथच्या गाड्यांची किटं काढली. रॉथला दर किटमागे एक सेंट मिळायचा. 1963 या एका वर्षात त्याला या हिशेबाने सुमारे 32 हजार डॉलर मिळाल्याचं सांगितलं जातं. गुणाकार करून बघा, 32 लाख खोके होतात. (त्यात गाड्यांबरोबर रॅट फिंक हा त्याचा उंदीर आणि बाकीचे राक्षसही आले.)

रॉथची एक चूक मात्र सांगायलाच हवी. 1964 च्या 'ऑर्बिट्रॉन'ला त्याने लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकत्र लावले. रंगीत टीव्हीची कल्पना, तिन्ही मिळून पांढरा उजेड. कल्पना झकास. पण चकाकणारं क्रोमचं इंजिन त्याने बॉनेटखाली झाकलं, आणि लोकांनी गाडीकडे पाठ फिरवली. पुढे त्याने स्वतःच ही चूक कबूल केली. ती गाडी हरवली, आणि 2007 मध्ये मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझ शहरात एका दुकानाबाहेर भंगार अवस्थेत उभी असलेली सापडली. या धंद्यात इंजिन म्हणजे दागिना. दागिना पदराखाली झाकून लग्नाला जात नाहीत.

इथपर्यंत क्रम सरळ होता. आधी गाडी, मग तिचं किट. कॅन्ससच्या डॅरिल स्टारबर्डची 'प्रेडिक्टा' याच क्रमाने आली, अशाच खास गाड्या बनवणाऱ्या जॉर्ज बॅरिसच्या कारखान्यातल्या गाड्याही. हा क्रम उलटा करणाऱ्या माणसाचं नाव टॉम डॅनियल, आणि तुमच्या खोक्यावर ते छापलेलं असणार. बघा.

डॅनियल हाताने गाड्या ठोकणारा नव्हता. कॅलिफोर्नियात डिझाईन शिकला, मग डेट्रॉइटला जनरल मोटर्सच्या डिझाईन विभागात नोकरी केली, आणि एका हॉट रॉड (जुन्या गाड्यांत दांडगं इंजिन बसवून बदललेल्या गाड्या) मासिकात काल्पनिक गाड्यांच्या चित्रांचं सदर चालवलं. 'द मन्स्टर्स' या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या भुताळी कुटुंबाची 18 फूट लांब गाडी बॅरिसच्या कारखान्यात 1964 साली बनली. तिचं डिझाईन डॅनियलचं. त्याच कुटुंबाच्या आजोबांची शवपेटीची शर्यतगाडीसुद्धा त्याचीच. म्हणजे विनोद आणि गाडी एकत्र जमवायचा हात त्याला आधीच बसलेला होता.

1967 मध्ये शिकागोच्या मोनोग्राम कंपनीसाठी त्याने 'बीअर वॅगन' काढली: जुना मॅक ट्रक, मागे बीअरची पिंपं, पुढे राक्षसी इंजिन. अशी गाडी जगात कुठेही नव्हती. फक्त कागदावर आणि मग थेट पोलादी साच्यात. पुढच्याच वर्षी 'रेड बॅरन'.

रेड बॅरन म्हणजे पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन. लाल विमानातून उडायचा, त्याच्या नावावर 80 विमानं पाडल्याची नोंद आहे. तोवर पन्नास वर्षं जुना झालेला हा माणूस अमेरिकेतल्या पोरांना ठाऊक कसा? तर वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतला स्नूपी कुत्रा तेव्हा आपल्या घराच्या छपरावर बसून त्याच्याशी काल्पनिक हवाई लढाया लढत होता. डॅनियलने फोर्ड टी धाटणीची बसकी हॉट रॉड घेतली, टपाच्या जागी शिरस्त्राण ठेवलं, पुढे दोन मशिनगन, अंगावर लोखंडी क्रॉस हे जर्मन लष्करी चिन्ह, आणि इंजिन मर्सिडीजचं, त्या काळच्या विमानातलं. सहा सिलिंडर सुटे सुटे, एका ओळीत उभे.

आता मोल्डवाला म्हणून सांगतो, ते शिरस्त्राण म्हणजे मोल्डवाल्याच्या स्वप्नातला भाग आहे. उपडी वाटी! बाजूंना आपसूक उतार, त्यामुळे भाग साच्यातून अलगद सुटतो. नेहमीच्या मोटारीच्या टपाला खिडक्यांच्या चौकटी, बारीक खांब, आत वळलेल्या कडा असतात, आणि तिथे भाग अडकतो. डॅनियलने हे मनात धरूनच काढलं असेल असा माझा दावा नाही. पण त्याची सगळी किटं बघितली की पिंपं, पेट्या, घुमट, नळकांडी असे सुटसुटीत आकार पुन्हा पुन्हा भेटतात. साच्यातून न निघणारी वस्तू तो काढतच नव्हता.

त्या काळी काम हाताचं होतं, हेही लक्षात घ्या. आधी मोठ्या मापाचा नमुना बनवायचा, मग पँटोग्राफने (नमुना गिरवत त्याची लहान प्रत कोरणाऱ्या यंत्राने) तो लहान करत पोलादात कोरायचा. किटचं माप 1/24, म्हणजे अर्धा इंच बरोबर एक फूट. बारा फुटांची गाडी सहा इंचांत येते. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने आत जातं, थंड होतं, इजेक्टर पिना भाग ढकलून देतात. चकाकणारे भाग वेगळ्या फांदीवर काढून निर्वात पेटीत त्यांवर ॲल्युमिनियमची वाफ बसवायची, तेच ते 'क्रोम'. मूळ प्लास्टिकच लाल, म्हणून ज्याला रंग परवडत नाही त्या पोराचीही गाडी लालच होणार. मला यातलं हे सगळ्यात आवडतं.

आणि विनोद शब्दांत नाही, आकारात आहे. नाव एका दमात कळतं, गाडी दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून कळते. पोलिसांची 'पॅडी वॅगन', मेक्सिकन 'तिजुआना टॅक्सी', कचरागाडी, शाळेची बस, सगळ्यांचं तंत्र तेच. सगळेच जमले असं नाही. 'रोमेल्स रॉड'मध्ये दुसऱ्या महायुद्धातली जर्मन गाडी आणि तिच्यात बसलेले हाडांचे सापळे आहेत. तिथे मला हसू येत नाही. रिश्टहोफेन तोवर दंतकथा झाला होता. दुसऱ्या युद्धाला मात्र तेव्हा पंचवीस वर्षंही झाली नव्हती, आणि ते लढलेले बाप घरात बसलेले होते.

आता खऱ्या गाडीकडे. मोटार-प्रदर्शनं भरवणाऱ्या बॉब लारिव्हीच्या नजरेला रेड बॅरनचं किट पडलं. तिकीट काढून येणाऱ्यांना दर हंगामात नवं काहीतरी दाखवावं लागायचं. त्याने डेट्रॉइटच्या चक मिलरला ती गाडी पूर्ण मापात बनवायला सांगितली. मिलर साधा माणूस नव्हे, 1968 मध्ये त्याच्या 'फायर ट्रक'ने डेट्रॉइटच्या प्रदर्शनाचा मानाचा रिडलर पुरस्कार जिंकला होता. 1969 मध्ये गाडी प्रदर्शनात उतरली. विमानाचं इंजिन काही त्यात बसलं नाही, पाँटिॲकचं सहा सिलिंडरचं बसवलं. निवड मात्र हुशारीची. त्यातही सिलिंडर एका ओळीत आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) डोक्यावर, अगदी त्या मर्सिडीजसारखं. व्ही-एट टाकलं असतं तर विनोद अर्धा मेला असता.

मोनोग्राम 1968 मध्ये खेळण्यांच्या मॅटेल कंपनीकडे गेली, त्यामुळे 1970 मध्ये रेड बॅरन आणि पॅडी वॅगन दोघीही मॅटेलच्या हॉट व्हील्स या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांमध्ये आल्या. शिरस्त्राणावर उभं टोक होतं, ते नंतरच्या आवृत्त्यांत बोथट केलं. पोरांच्या डोळ्यांची काळजी, दुसरं काय.

पुढे सत्तरीच्या दशकात लाट ओसरली. 1973 नंतर तेल भडकलं तसं प्लास्टिकही महागलं. पण पोलादी साचे तेल लावून ठेवले की टिकतात, म्हणून याच गाड्या पुन्हा पुन्हा बाजारात येत राहिल्या. मिस्टेरियन मोडीत निघाली, ऑर्बिट्रॉन रस्त्यावर सडली, किटं मात्र नव्याने निघतायत.

म्हणून तुमचा खोका बघताना जपून. त्यावर 1968 छापलेलं असलं तरी ते साच्याचं साल असू शकतं, खोक्याचं नव्हे. किंमत विचारायच्या आधी ते तपासून घ्या. जोडणार असाल तर क्रोमच्या भागांवर गोंद धरत नाही, जोडायच्या जागी ब्लेडने खरवडा. आणि जोडणार नसाल तरी आज दोन गोष्टी कराच. टायर वेगळ्या पिशवीत काढा. त्यांच्या मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश झिरपतो आणि ज्या भागाला ते टेकलेले असतात तो विरघळवून टाकतो. दुसरं म्हणजे, जुन्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. त्यांच्या वासानेसुद्धा पॉलिस्टायरीन मऊ होऊन चिकट होतं, तेव्हा खोका आधी तिथून हलवा.