मीठ ऑरगॅनिक आणि युरिया इनऑरगॅनिक?

प्रश्न: दुकानातून सैंधव मिठाचं पाकीट आणलं, वर मोठ्ठं 'ऑरगॅनिक' छापलंय. मुलगी अकरावी सायन्सला आहे, ती हसायलाच लागली, म्हणे आई, मीठ इनऑरगॅनिक असतं. मग पाकीट खोटं का? आणि इनऑरगॅनिक म्हणजे केमिकलवालं, असंच ना? मराठीत काय म्हणायचं त्याला?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर: ताई, लेक बरोबर आहे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन, त्यात कार्बनचा पत्ता नाही, त्यामुळे सैंधव घ्या नाहीतर मिठागरातलं घ्या, केमिस्ट्रीच्या हिशोबाने ते इनऑरगॅनिकच. आणि शेतीवालं ऑरगॅनिक म्हणाल तर ते शेतमालाला लागतं, सैंधव खाणीतून खणून काढतात, त्याला कसलं खत न् कसली फवारणी. (मिठागरात मीठ 'पिकतं' म्हणतो आपण, पण ते बोलण्यापुरतं.) थोडक्यात तो शब्द तिथे नुसता भाव वाढवायला आहे.

मराठीत असेंद्रिय म्हणतात, जुन्या पुस्तकांत निरिंद्रिय सापडेल, आता अकार्बनी पण लिहितात. सेंद्रिय म्हणजे इंद्रियं असलेलं, सजीवाचं. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की असे पदार्थ फक्त सजीवाच्या शरीरातच बनतात, पण १८२८ मध्ये व्होलर नावाच्या जर्मन केमिस्टने प्रयोगशाळेतल्या क्षारापासून युरिया, म्हणजे लघवीत असतो तोच पदार्थ, बनवला आणि आपल्या गुरूला, बर्झेलियसला, पत्रातून कळवलं की मला मूत्रपिंडाशिवाय युरिया बनवता येतो! तेव्हापासून सजीव-निर्जीव हा भेद मागे पडत गेला आणि कार्बन आहे का ते बघायला लागले, त्यातही अपवाद आहेतच, खायच्या सोड्यात कार्बन असूनही तो इनऑरगॅनिकमध्येच मोडतो.

आता खरी गंमत. तोच युरिया, ४५ किलोच्या गोणीतून येतो तो, केमिस्ट्रीत पक्का ऑरगॅनिक, आणि ऑरगॅनिक शेतीत त्याला बंदी, कारण तो कारखान्यात बनतो. उलट द्राक्षबागेवर मारतात ते बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना, दोन्ही शुद्ध इनऑरगॅनिक, ते ऑरगॅनिक शेतीत ठराविक मर्यादेत चालतं. म्हणजे शब्द एक पण शेतकऱ्याचा अर्थ वेगळा आणि लॅबवाल्याचा वेगळा, कोण बोलतंय ते आधी बघायचं.

त्यामुळे इनऑरगॅनिक म्हणजे केमिकलवालं किंवा वाईट, हे डोक्यातून काढा, तुम्ही पिता ते पाणीसुद्धा इनऑरगॅनिक आहे. आणि पेपरात एखाद्या कंपनीची 'इनऑरगॅनिक ग्रोथ' वाचलीत तर तिथे केमिस्ट्री नाही न् शेती नाही, त्यांनी दुसरी कंपनी विकत घेऊन धंदा वाढवला एवढंच.

सैंधव खायला काही हरकत नाही, पुढच्या वेळी फक्त साधं पाकीट घ्या.