मुलगी मटण नको म्हणते तेव्हा

जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. माहेर अमळनेरचं, सासर पारोळा तालुक्यातलं. पत्र मोठं आहे, गाभा तेवढा देते.

"ईस्टरच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. पुतण्याचं जाऊळ होतं आणि देवीला बोकड बोललेला होता. तो आधीच आणून खळ्यात बांधला होता. माझी अकरा वर्षांची मुलगी रोज त्याला बाभळीच्या शेंगा चारायची. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही मुलांना सकाळीच मळ्यात पाठवलं, पण ती चप्पल बदलायला परत आली आणि निंबाला टांगलेला बोकड सोलत होते ते तिने पाहिलं. आदल्या रात्री तिने विचारलं होतं, तेव्हा सासूबाईंनी 'तो उद्या बाजारात जाणार' असं सांगितलं होतं. तेव्हापासून तिने मटण, चिकन, मासे सगळं सोडलंय. आजीशी फोनवर बोलत नाही. मिस्टर म्हणतात, हे इकडच्या पोरांचं फॅड आहे, आपण खाणारी माणसं, दोन महिन्यांत विसरेल. सासरे माळकरी आहेत, ते मात्र खूश आहेत. वाढीचं वय, काळजी वाटते, म्हणून गेल्या आठवड्यात मी पुलावात चिकनचं पाणी घातलं आणि तिला सांगितलं नाही. काल तिने विचारलं, 'मम्मी, आपल्याला खायला दुसरं काही नव्हतं का?' मला उत्तर देता आलं नाही. काय सांगू तिला?"

ताई, आधी पुलावाचं बोलू, कारण ते आज संध्याकाळीच निस्तरायचं आहे. तिला जवळ बसवा आणि सांगा की पुलावात चिकनचं पाणी होतं, मी तुला सांगितलं नाही, यापुढे असं होणार नाही. चिडेल, रडेल, एक वेळ जेवणारही नाही. चालेल. बोकड गेल्याचं दुःख तिला आहेच, पण 'तो बाजारात जाणार' हे वाक्य तिला तेवढंच लागलंय, असं पत्रावरून मला दिसतं. जिने रोज शेंगा चारल्या तिलाच शेवटच्या रात्री खोटं सांगितलं गेलं. त्यात हे दुसरं खोटं तिला बाहेरून कळलं, तर तुमच्या हातचा वरणभातसुद्धा ती संशयाने खाईल.

आता तिचा प्रश्न. खायला दुसरं काही नव्हतं का? होतं. तिला तेच उत्तर द्या, उगाच आडवळणाने जाऊ नका.

हा प्रश्न सगळ्यांना सारखा लागू होत नाही, हेही तिला सांगा. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगरउतारावर जेमतेम ज्वारी-मका पिकवणारं पावरा किंवा भिल्ल कुटुंब दारची कोंबडी कापतं, नदीतले मासे धरतं, तेव्हा त्यांच्यापुढे पर्याय थोडे असतात. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्यांमागे मुलाबाळांसकट रानोमाळ फिरतात, त्यांची सगळी शेतीवाडी म्हणजे तो कळप. पण ज्या घरापासून पाच मिनिटांवर सुपरमार्केट आहे आणि जिथे तूर, मसूर, हरभरा बारा महिने मिळतो, त्या घरात मांस येतं ते जिभेसाठी. जिभेची आवड हे कारण खरं आहे, पण एका जिवाच्या मरणासमोर ठेवलं की फार हलकं पडतं. मी स्वतः मटणाच्या घरात वाढले आणि तरी मला हे ठामपणे वाटतं.

नवसाचं पारडं थोडं जड आहे. देवीला दिलेला शब्द असतो, भावकी एकत्र जेवते, मुंडी-पायांपासून वजडीपर्यंत काही वाया जात नाही. गावात कितीतरी घरांना मटण असं जाऊळ-जत्रेलाच मिळतं. ही कारणं मला खोटी वाटत नाहीत. मात्र नारळावर आणि पुरणपोळीवर नवस फेडणारी घरं आपल्याकडेही आहेत, आणि देवी त्यांच्यावर कोपल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

आज ना उद्या ती विचारेल, त्याला कळलं होतं का? बोकडाला दुखतं, तो घाबरतो, दोर ओढतो. त्याची मज्जासंस्था, त्याचं भय, त्याची धडपड आपल्यापेक्षा फार वेगळी नाही. आपल्याकडच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांत एका जनावरासमोर दुसरं जनावर कापू नये, गाभण जनावर कापू नये असं लिहिलेलं आहे. जनावराला भीती कळते हे कायद्यानेही मान्य केलंय, तर आईबापांनी नाकारून कसं चालेल?

आता तुमच्या मिस्टरांसाठी एक गोष्ट, जी मला या सगळ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलीने बोकड पाहिला म्हणून घरात चर्चा झाली. पण तुमच्या फ्रीझरमधलं नगेट्सचं पाकीट? तो बोकड निदान बांधावर चरला, बाभळीखाली मागच्या पायांवर उभा राहून शेंगा ओरबाडल्या, इतर करडांशी टकरा घेतल्या. त्याचा वाईट काळ म्हणजे शेवटचा काही वेळ. ब्रॉयलर कोंबडीचं सगळं आयुष्य पाच-सहा आठवड्यांचं. एवढ्या दिवसांत ती दोन किलोच्या वर जाते, इतक्या वेगाने की कित्येक पक्ष्यांचे पाय ते वजन पेलत नाहीत. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे अटी पाळल्या तर एका चौरस मीटरमध्ये ४२ किलोपर्यंत पक्षी ठेवता येतात. सोफ्यासमोरच्या टीपॉयएवढ्या जागेत वीस कोंबड्या धरा. त्यांना माती उकरता येत नाही, धुळीत लोळता येत नाही. जर्मनीत मारण्याआधी प्राण्याला बेशुद्ध करावं लागतं, धार्मिक कारणासाठी परवानगी घेतली तरच सूट मिळते. हा नियम चांगलाच आहे. पण तो शेवटच्या मिनिटाचा नियम आहे, त्याआधीच्या चाळीस दिवसांचं काय?

आणि हे सगळं परदेशातच होतं असं मानू नका. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवा. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ तिथल्याच पोल्ट्र्यांमध्ये निघाली. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तेच झालं. त्या अंड्यांच्या कोंबड्या, ज्यांना पिंजऱ्यात धड पंखही पसरता येत नाहीत. आपल्या शेतातला मका मोठ्या प्रमाणात अशाच कोंबड्यांच्या खाद्यात जातो. 'शेतीत फवारणीने किडे मरतातच ना' असा युक्तिवाद मिस्टर करतील, सगळेच करतात. खरं आहे, मरतात. पण जनावराला आधी मका-सोयाबीन चारून मग ते जनावर खायचं, तर शेतं जास्त लागतात आणि किडेही जास्तच मरतात.

म्हणून माझा सल्ला असा की मुलीने सोडलं म्हणून सगळ्यांनी सोडायची सक्ती नको, पण घरातलं स्वस्त चिकन आधी बंद करा. मी माझ्या घरात ब्रॉयलर आणत नाही. खाणाऱ्यांनी महिन्यातून एकदा खावं, चांगल्या ठिकाणाहून आणावं, जास्त पैसे मोजावेत. तिकडे हे ठरवणं आपल्यापेक्षा सोपं आहे. अंड्यावर शिक्का असतो, त्यातला पहिला आकडा बघा: ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळी हिंडणारी, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, ३ म्हणजे पिंजरा. मांसाच्या पाकिटावर 'हाल्टुंग्सफॉर्म'चे, म्हणजे जनावर कसं पाळलं त्याचे, १ ते ५ असे आकडे असतात, तिथे मात्र क्रम उलटा आहे, १ सर्वांत वाईट आणि ५ सर्वांत बरा. पुष्कळ लोक यात फसतात. केक, नूडल्स, मेयोनीज यांतलं अंडं कुठलं हे पाकिटावर लिहिण्याचं बंधन नाही, तेव्हा तिथेही जपून. मुलीला बरोबर घेऊन जा, तिला आकडे वाचू द्या.

दुधाचंही ती विचारेल. खोटं सांगू नका. दुधाच्या गायीला झालेला गोऱ्हा दूध देत नाही, म्हणून तो तिकडे काही आठवड्यांतच मांसासाठी जनावरं वाढवणाऱ्याकडे जातो. इकडे महाराष्ट्रात गाय कापायला आधीपासून बंदी होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले, पण म्हैस आणि हल्या, म्हणजे रेडा, नाहीत. चहातल्या दुधामागे एक हल्या असतो. हे कळून तिने दूध सोडावं असं मी म्हणणार नाही, तिच्या वयात तर नाहीच. पण मी काही मारत नाही असं तिला वाटत असेल, तर ते पुरतं खरं नाही एवढं तिला माहीत हवं.

फॅडबद्दल. मिस्टरांना सांगा, हे जर्मन पोरांकडून आलेलं नाही. चक्रधरस्वामी तेराव्या शतकातले. त्यांच्या महानुभाव पंथात अहिंसा पाळतात, आणि या पंथाची घरं खान्देशात गावोगावी आहेत. मुक्ताईनगरला मुक्ताबाईची पालखी निघते, आषाढी वारीला जाणारे कितीतरी जण माळ घालतात आणि त्या दिवसापासून मटण सुटतं. मिस्टरांच्या वडिलांनीच माळ घातली आहे. त्यांच्या निर्णयाचा घरात मान राहिला, मग नातीचा का नको? ती अकरा वर्षांची आहे म्हणून?

पण सासरे खूश आहेत, तिथेही एक काळजी घ्या. आपल्याकडे कोण काय खातं याच्याशी जात चिकटलेली आहे. कुणाला खोली भाड्याने मिळते, कुणाला नाही, शाळेत कुणाच्या डब्याला नाक मुरडतात, हे आपण पाहत आलो आहोत. तुमच्या मुलीने दयेपोटी मांस सोडलं. त्याला 'आमची नात शुद्ध झाली' असं रूप कुणी देऊ लागलं, तर तिथेच थांबवा, मग ते आजोबा का असेनात. ती भिल्लाच्या, तडवीच्या, मुलाण्याच्या मुलीला कमी समजू लागली, तर तिची करुणा नासली म्हणा. ज्या मुलाण्याने सुरी धरली त्याच्यावरही तिचा राग असेल. त्याला बोलावणारे, बोकडाचे पैसे देणारे आणि जेवणारे आपण होतो. त्याने आपलं काम केलं. हे तिला स्पष्ट सांगा.

राहिल्या सासूबाई. त्या खोटं बोलल्या ते मायेपोटी, पण खोटंच. अशा घरातल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत. मसाला वाटतात, रस्सा उकळतात, पण कापायची वेळ आली की पदर सावरून मागच्या दारी भांडी घासत बसतात. सासूबाईंनाही कधीतरी लहानपणी असा एखाद्या करडाचा लळा लागला असेलच. व्हिडिओ कॉल लावा, तुम्ही दोघं खोलीबाहेर जा आणि दोघींना बोलू द्या. त्याआधी सासूबाईंना सांगून ठेवा की 'जगाची रीत आहे' एवढ्यावर नातीची बोळवण करू नका. 'मी तुला खोटं सांगितलं, तुला रडू येईल म्हणून सांगितलं' असं त्यांनी म्हटलं की पोर निम्मी विरघळेल. मुलीलाही शेळीचं अर्थशास्त्र ऐकू द्या, ते आजीइतकं नीट कुणी सांगणार नाही. ज्या घराला शेत नाही तिथली बाई दोन शेळ्या पाळते, दवाखाना निघाला की करडू विकते, पोरीची फी भरायची वेळ आली की बोकड विकते. बोकड विकला गेला नाही तर त्या बाईचं काय, हा प्रश्न मुलीच्या प्रश्नाला खोडत नाही, पण तिला तोही डोक्यात घेऊन मोठं होऊ द्या.

स्वयंपाकाची चिंता करू नका. आपल्याकडे श्रावणात, सोमवारी, गुरुवारी, एकादशीला चालतंच की बिनमटणाचं. माळकरी असलेल्या घरात मटणाची चूल अंगणात पेटते आणि भांडी वेगळी असतात, तुमच्या सासरीही तसंच असणार. ड्युसेलडॉर्फमध्ये एक पातेलं आणि एक पळी तिची वेगळी ठेवा, बास. काळ्या मसाल्याचं वाटण एकच करा. त्यातला अर्धा रस्सा आधी तिच्या पातेल्यात काढा आणि त्यात पातोड्या, डुबुकवडे किंवा शेव सोडा. कळण्याची भाकरी करता येत असेल तर जरूर करा, ज्वारीबरोबर अख्खे उडीद पोटात जातात. डाळी-उसळींवर लिंबू पिळा म्हणजे लोह नीट अंगी लागतं. बी-१२ मात्र डाळी-भाज्यांतून मिळत नाही. दूध, दही, चीज रोज हवं, अंडं ती खात असेल तर उत्तम. मुलांच्या डॉक्टरांकडे एकदा बी-१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या आणि दूधही सुटलं तर बी-१२ ची गोळी त्याच दिवसापासून सुरू करा, लक्षणांची वाट पाहू नका.

आणि पुढच्या वेळी गावी जायच्या आधी दिरांना फोन करून विचारा, त्या दिवसांत कार्यक्रम आहे का. असेल तर मुलीला तिकडेच, निघण्याआधी सांगा. यायचं की नाही, आलं तर त्या दिवशी अमळनेरला तुमच्या माहेरी राहायचं की पंगतीत बसून स्वतःचं ताट वेगळं घ्यायचं, हे तिला ठरवू द्या.